झेंडा न लावलेल्या सकाळी

८ जुलै

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय, कारण तोंडानं कुणाला सांगायची सोय नाही. ह्यांचं काहीतरी बिनसलंय.

आज पहाटे आकाश कसं, तर घासून पुसून ठेवलेल्या ताटासारखं. वारा डोंगराकडून, समुद्र गुळगुळीत. गावाच्या सगळ्या होड्या तयार, आम्ही बायका गोट्यांच्या वाळवणीवर पदर खोचून उभ्या, आणि टेकडीवरचा खांब आपला मोकळाच. ह्यांनी झेंडा लावलाच नाही. पांढरा झेंडा वर गेल्याशिवाय आमच्या तोमारिहामा गावात एक होडी पाण्यात जात नाही, कोंबूचं एक पान कापलं जात नाही. माणसाहून लांब, चामड्यासारखी जाड ती समुद्रातली पानं. कापली त्याच दिवशी उन्हात कडकडीत वाळली तर वाळली, मध्येच पाऊस आला तर बुळबुळीत होऊन सगळी मातीमोल. म्हणून ज्याला हवा कळते त्याच्याच हाती झेंडा. चाळीस उन्हाळे तो माझ्या नवऱ्याच्या हाती आहे, आणि तोकुजीचा झेंडा चुकला असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

आज दिवसभर असं ऊन पडलं की मी गाद्या वाळवल्या. काल आम्ही मरमर राबलो, संध्याकाळी मला वाळवणीवरच बसल्याबसल्या डुलकी लागली होती. तरी आज निघायला मी हजर होते की!

शेजारची मासुए कुंपणावरून विचारते कशी, "फुसावहिनी, भाऊंना बरं नाही का?"

"न बरं असायला काय झालं? हवा तुला कळते की त्यांना?" असं म्हणून मी तिला गप्प केलं. पण मनात आलंच. ह्यांचे थोरले भाऊ शेवटी-शेवटी किनाऱ्यावर उभे राहून विचारायचे, हे एवढं पाणी कुठून आलं? तेच ह्यांच्या नशिबी असेल तर?

१० जुलै

धुकं. काल धुकं, आज धुकं. यंदा उन्हाळा आलाच नाही. मी पायाशीची शेगडी अजून काढलेली नाही, लोकरीचे मोजेही नाहीत. हे मात्र खिडक्या सताड उघडून बनियनवर बसतात. थंडीची जाणीव जाते म्हणे डोकं कामातून जायला लागलं की. लिहून ठेवते.

१३ जुलै

उपाय सुरू केला. रात्री बरणीत कोंबू भिजत घालायचा आणि सकाळी अनशापोटी ते पाणी प्यायचं. सासूबाई म्हणायच्या, समुद्राची ताकद आहे ती, मेलेला उठून बसेल. आम्ही रोज पितोच, पण ह्यांच्यासाठी आता मोठी बरणी काढली, कोंबूही दुप्पट. सारात कोंबू, भाजीत कोंबू, भातावर किसून कोंबू.

ह्यांनी काय करावं? आपला पेला खिडकीतून बाहेरच्या फुलझाडाला! मी डोळ्यांनी पाहिलं. बोलले नाही, उगाच बिथरतील. पण टाकायचं कशाला? त्यांच्या वाटचंही मीच पिऊन टाकते. मला हल्ली दुपारी गळून गेल्यासारखं होतं, त्याला बरं.

१७ जुलै

काल आणि आज झेंडा लागला. हुश्श! म्हटलं, माझी शंका खोटी ठरली.

यंदाचा कोंबू जड आहे. गावात कुणी तसं म्हणत नाही, पण आहे. होडीतून काढलेली ओली पानं मी एकेक ओढून गोट्यांवर पसरते. पन्नास वर्षं पसरतेय, माझ्या हाताखालच्या पानाला कधी सुरकुती राहिली नाही. आज ओळ संपता संपेना. दुपारी जरा टेकले ती डोळा लागला. उठले तर अंगावर ह्यांचा कोट, ऊन उतरलेलं, आणि सगळा कोंबू उचलून खोपीत रचलेला.

"अहो, मला उठवायचं नाही?"

"कसं उठवणार? तू घोरत होतीस. लांबची गलबतं भोंगा समजून वाट धरत होती."

थट्टा सुचते, म्हणजे तेवढं शाबूत आहे. पण माझं काम आपलं म्हणून करून टाकतात. कोणतं काम कुणाचं ह्याचा विसर पडायला लागलाय.

१८ जुलै

लागला नाही. ढगाचा ठिपका नाही, आणि झेंडा नाही! गडीमाणसं होड्यांच्या कडेवर बसून टेकडीकडे बघत राहिली. 

दिवसभर मी झोपून होते. कामच नव्हतं, तर काय करणार.

२४ जुलै

आज भांडले.

पहाटे ह्यांच्या मागोमाग टेकडी चढले, म्हटलं स्वतः बघते काय करतात ते. ती वाट कुणीतरी उभी करून ठेवलीय, पूर्वी इतकी चढाची नव्हती. बसत-उठत वर पोचले तर हे खांबाला पाठ लावून उभे. आकाशाकडे बघतच नव्हते. खाली आमच्या घराकडे बघत होते.

मी म्हटलं, "अहो, झेंडा लावायचा तर वर बघतात! घर काय पळून जातंय?"

काहीतरी पुटपुटले. हल्ली पुटपुटतातच, धड एक शब्द ऐकू येत नाही. मी ओरडले, "मोठ्यानं बोला!"

"बोललो. 'तुझे हात सुजलेत' म्हणालो."

काय संबंध? कालच्या खारट पाण्यानं सुजले असतील. अंगठी निघत नाही एवढंच. मी विचारतेय झेंड्याचं आणि हे सांगतायत हाताचं. ज्याच्याशी पन्नास वर्षं संसार केला तो माणूस असा डोळ्यांदेखत हातचा निसटताना बघणं, देवा, वैऱ्यावर येऊ नये. हे झेंडा खिशात घालून खाली उतरले. मला हाताला धरून उतरवलं. वाट विसरतील म्हणून मीही हात सोडला नाही.

३० जुलै

मासुएनं बातमी आणली. आमच्या मच्छीमार संघाचे प्रमुख कुदो ओबोनच्या, पितरांच्या सणात घरी येणार आहेत, झेंड्याचं विचारायला. म्हणजे काढून घ्यायला. झेंडा गेला तर हे महिन्याभरात जातील, मला ठाऊक आहे. ह्या माणसाला मासे धड पकडता येत नाहीत, हिशेब येत नाही, गाणं येत नाही. आकाश तेवढं येतं.

मासुए जाताना म्हणाली, "आवाज किती घोगरा झालाय गं तुझा, वहिनी."

धुकं गिळलं की होतंच.

१ ऑगस्ट

कुदो येण्याआधी दवाखान्यात नेऊन डोकं तपासून घ्यायचं. निदान काय ते आधी आपल्याला कळेल. सरळ सांगितलं तर येणार नाहीत, म्हणून म्हटलं, "वर्षाची तपासणी राहिलीय तुमची."

"तू रक्त दिलंस तर मी देतो."

"मला काय धाड भरलीय?"

"मग मीही नाही."

म्हातारा आणि पोर सारखंच. हट्ट पुरवावा लागतो. हो म्हटलं.

२ ऑगस्ट

डॉक्टर निवा म्हणजे कालची पोरगी, डोंगराकडच्या मुलखातली. समुद्र बघून अजून हरखते. मी आधी एकटी आत जाऊन हळूच सांगितलं, ह्यांच्या डोक्याचं बघा. तिनं सगळं ऐकलं, मग विचारते काय, "आणि आजी, तुम्हाला थंडी वाजते का?" आता ऑगस्ट महिन्यात मी कोट घालून बसले होते ते तिला दिसलं असेल. म्हटलं, यंदा सगळ्यांनाच वाजतेय. ती आपली पंख्यापुढे बसली होती.

दोघांचं रक्त घेतलं, मग हे आत गेले. बराच वेळ होते. बाहेर आले तेव्हा डॉक्टरीण त्यांना वाकून नमस्कार करत होती. इतकं कशाला, कळलं नाही.

९ ऑगस्ट

आज दवाखान्याचा निकाल कळला.

ह्यांचं सगळं ठीक आहे. डोकं, रक्त, हृदय. तिनं कोडी घातली, ह्यांनी सगळी सोडवली आणि वर उद्या दुपारून वारा फिरेल हेही सांगितलं.

बिघाड माझ्यात आहे.

सगळ्यांच्याच गळ्यात, कंठाच्या खाली, पंख पसरलेल्या फुलपाखराएवढी एक गाठ असते. थायरॉइड. मी एवढी म्हातारी झाले आणि मला ठाऊकच नव्हतं की ती तिथे बसलीय! ती अंगातली चूल. ती ठरवते किती ऊब, किती वेग, केस किती टिकायचे, पोट कधी साफ व्हायचं. आणि मेंदूच्या तळाशी दुसरी एक आहे, वाटाण्याएवढी. चूल मंदावली की ती हाक मारते, घाल गं लाकूड. डॉक्टर म्हणाली, "आजी, तुमची चूल अजून पेटती आहे, जेमतेम. पण वरची फार मोठ्यानं हाका मारतेय. रक्तात त्या हाकांचा आकडा दिसतो. म्हणजे आजार सौम्य आहे. तुमच्या वयात असा आकडा थोडा वर जातोही."

 माझ्याच आत कुणीतरी रात्रंदिवस मला हाका मारत होतं, आणि मी लोकांना म्हणत होते, मोठ्यानं बोला!

गोळी नाही दिली. म्हणाली, ह्या वयात घाईनं गोळी दिली आणि जास्त झाली तर हृदयाला, हाडांना त्रास. आधी एक विचारायचंय. "कोंबू किती खाता?"

मी अभिमानानं सगळं सांगितलं. बरणी, ह्यांचा पेला, सार, भाजी, कापताना तोंडात टाकायचे तुकडे. तिची लेखणी थांबली. कोंबूत आयोडीन असतं. त्या गाठीला ते लागतंच, पण चिमूटभर. आणि मी तिच्यावर समुद्र ओतला! काही जणांची गाठ इतकं झालं की बिचकते आणि दार लावून बसते. गळून जायला लागले म्हणून कोंबू वाढवला, कोंबू वाढवला म्हणून आणखी गळाले. ज्याच्यावर जन्म काढला, पोरांना वाढवलं, त्यानंच.

दोन महिने कोंबू बंद. मग परत रक्त. "आकडा उतरेल असं वाटतं. थकवा सगळा त्याचाच आहे का, ते नाही सांगू शकत. थोडा वयाचाही असेल," म्हणाली. खोटी आशा लावली नाही, ते आवडलं मला.

 घरी आल्यावर दारात चपला काढताना हे म्हणाले, "बरणी मी धुतो." आणि धुताना शीळ घालत होते.

पण मग झेंडा का नाही लावत? डोकं ठीक आहे, डोळा ठीक आहे. मग का?

११ ऑगस्ट

सुक्या मासळीचं सार केलं. चवीला बेवारशी. मासुएनं कोंबूच्या गुंडाळ्या शिजवून आणल्या, सणाच्या म्हणून. परत कसं करायचं? कोंबूच्या गावात कोंबू नको म्हणणं म्हणजे देवळात जाऊन देव नको म्हणण्यासारखं. शेवटी खरं सांगितलं. ती डब्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मी पण बरणी पिते, वहिनी. पण मला काही नाही झालं." म्हटलं, तुझी गाठ तुझ्यासारखी निगरगट्ट असेल. खूप हसलो. आमच्या गावात आमच्याच गळ्याशी कोंबूची अशी ओळख कुणी करून दिली नव्हती.

१५ ऑगस्ट

कुदो येऊन गेले.

पितरांपुढे दिवा होता. मी चहा ठेवून सरकत्या दाराआड बसले. कुदो बिचारे चहाचा पेला फिरवत बसले होते. मग म्हणाले, "तोकुजीदादा, माणसाचा डोळा कधी ना कधी जातो. त्यात लाज नाही. यंदा सात-आठ चांगल्या सकाळी तुमचा झेंडा लागला नाही."

हे म्हणाले, "डोळा गेलेला नाही. त्या सगळ्या सकाळी मला हवा चांगली दिसत होती."

"मग?"

"मुद्दाम नाही लावला."

कुदोंनी पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. 

"फुसाला बरं नव्हतं. तिला ते कळत नव्हतं. एक दिवस वाळवणीवर राबली की दुसऱ्या दिवशी तिच्या ओठांना रंग नसायचा. घरी राहा म्हटलं तर राहणारी बाई आहे का ती? झेंडा दिसला की ताप असला तरी जाईल. पन्नास वर्षांत एकदा चुकली नाही. तिला थांबवायचा एकच मार्ग माझ्या हातात होता, सगळं गाव थांबवायचं."

 कुदो हळूच म्हणाले, "सांगायचं होतंत."

"काय सांगणार? माझी बायको थकलीय म्हणून तुमच्या होड्या ओढून ठेवा? डोळा गेलेल्याचा झेंडा काढून घेतात. मी तर डोळा असून खोटं बोललो. अशाकडे तर तो एक दिवससुद्धा राहू नये." आणि देवघराखालच्या कप्प्यातून झेंडा काढला, घडी केलेलाच होता, कुदोंच्या पुढ्यात ठेवला आणि कपाळ चटईला लावलं.

मी दार उघडून आत गेले. खरं तर रागानं गेले होते. काय अधिकार होता ह्यांना, माझ्या नावावर गावाचं ऊन वाया घालवायचा! पण ते वाकलेलं पांढरं डोकं दिसलं. मीही शेजारी बसले आणि कपाळ टेकवलं. टेकडीवर उभे राहून घराकडे बघत होते ते. आकाश बघून झालेलं असायचं, मग माझ्याकडे बघायचे. माझ्या अंगात मेंदूची गाठ हाका मारत होती आणि अंगाबाहेर हा माणूस. दोघांचंही मी ऐकलं नाही. अचंब्यानं मला रडूसुद्धा आलं नाही.

१६ ऑगस्ट

हे घरोघर जाऊन माफी मागायला निघाले. "तू राहा, दमशील," म्हणाले. मी चपला घातल्या. आता झेंडाही नाही ह्यांच्याकडे, मला थांबवणार कसे?

काहींनी आत बोलावलं. दोघांनी दार अर्धंच उघडलं, त्यांचं बरोबर आहे, चांगलं ऊन काय बाजारात मिळतं? मासुएचा नवरा तर पाठमोराच बसून राहिला. मासुए मात्र दारापर्यंत आली आणि माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाली, "माझं माणूस माझ्यासाठी कधी जेवणाचं थांबलं नाही. तुझ्यानं गाव थांबवलं. जा बाई, दृष्ट लागेल माझी."

झेंडा आता गावातल्या कुनिहारुकडे गेला. मुलगा चांगला आहे, पन्नाशीचा, पण आकाश बघताना ओठ चावतो.

३ सप्टेंबर

अंगठी निघाली! भांडी घासताना आपोआप. कितीतरी वेळ ती हातात धरून बसले.

१४ सप्टेंबर

एक गंमत ध्यानात आलीय. हे अजूनही पहाटे उठतात, अंगणात उभे राहतात, आणि हवा चांगली असली की रबरी बूट दारात आणून ठेवतात. मग टेकडीवरून कुनिहारुच्या विजेरीचा एक झोत आमच्या दारावर पडतो, बुटांवर थांबतो, आणि झेंडा वर जातो. बूट नसले तर जात नाही. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "त्याला काय दिसतं ते त्याला विचार." ओठात हसत होते.

गावाला ठाऊक आहे. मासुएचा नवरा आता पाठमोरा बसत नाही.

पण माझ्या वाळवणीवर अजून ह्यांचीच धावपळ. मला नुसती किनाऱ्यावर बसवतात, पितळेच्या भांड्यासारखी.

४ ऑक्टोबर

आकडा उतरला. निवा डॉक्टरनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवले. गोळी नको. कोंबू सणासुदीला चिमूटभर, बरणी कायमची बंद.

काही केलं नाही हो मी! औषध नाही, सुई नाही. एक थांबवलं फक्त, आणि त्या फुलपाखरानं आपलं आपण दार उघडलं. इतकी वर्षं कुणी न सांगता ती चूल पेटती ठेवणारं हे कोण आहे माझ्या आत? गळ्याला हात लावला तर काही लागतसुद्धा नाही.

दुपारी अजून दमते. सगळं परत आलं असं नाही. "तेवढं वयाचं," डॉक्टर म्हणाली. ते माझं मी बघून घेईन.

७ ऑक्टोबर

आज मोसमातला शेवटचा दिवस ठरणार होता, हवेनं साथ दिली तर.

पहाटे मला जाग आली ती उकडतंय म्हणून. उकडतंय! पांघरूण लाथाडलं. शेजारी ह्यांचे डोळे मिटलेले, घोरणं मात्र नव्हतं. बाहेर आले. दव होतं. डोंगरावरून कोरडा वारा, समुद्रावर एकही वळ नाही, आणि शुक्राचा तारा असा स्वच्छ की हात लावला तर टोचेल. पन्नास वर्षं ह्या माणसाजवळ झोपलेय, थोडं आकाश मलाही येत असणारच. तरी पुन्हा एकदा वर पाहिलं. चुकलं तर साऱ्या गावाचा कोंबू कुजेल.

ह्यांचे बूट दारात ठेवले. मग आत जाऊन माझेही आणले आणि शेजारी ठेवले.

टेकडीवरून झोत आला. ह्यांच्या बुटांवर थांबला. माझ्या बुटांवर आला आणि बराच वेळ तिथेच राहिला. मग विझला, आणि त्या फिकट उजेडात पांढरा झेंडा वर चढताना मी पाहिला. असंख्य वेळा पाहिलाय, पण असा कधी नाही. खाली एकेका होडीचं इंजिन बोलायला लागलं.

आत जाऊन म्हटलं, "अहो, उठा! झेंडा लागला."

"आँ? कोणी लावला?" म्हणून डोळे चोळत उठले.

"मी."

हे घाईनं बाहेर गेले.

दिवसभर कडक ऊन होतं. मी माझी ओळ पसरली, छोटीशीच, पण सुरकुती नाही राहू दिली. संध्याकाळी कोंबू मोडला तर लाकडासारखा वाजला.

आत्ता ह्यांचं अंथरूण झटकलं. पायथ्याशी ह्यांचे मोजे सापडले, समुद्रावर जाताना घालायचे ते. तळवे पहाटेच्या दवानं अजून दमट, त्यांना वाळू चिकटलेली. म्हणजे माझ्याआधी उठून, बाहेर जाऊन, आकाश बघून हे परत येऊन झोपले होते.

 मोजे गुपचूप धुवायला टाकले.